मधली तीन घरं

माझा धंदा लोकांची तोंडं उघडण्याचा. जळगावात मी दातांची डॉक्टर आहे, आणि या धंद्याने मला एक वाईट सवय लावली आहे. समोरचा माणूस आ करून बसलेला असतो, त्याला उत्तर देता येत नाही, त्यामुळे बोलणं माझं एकटीचंच चालतं आणि शेवटी माझंच बरोबर आहे असं मला वाटू लागतं. नवरा म्हणतो, तुझ्यापुढे तोंड उघडायची सोय नाही. माझ्या वडिलांपुढे मात्र माझी मात्रा कधी चालली नाही. ते मुळात तोंड उघडतच नसत.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. धुळ्याला हायवेच्या कडेला त्यांचं छोटं गॅरेज होतं आणि तिथे ते डिझेल पंप दुरुस्त करायचे. म्हणजे रस्त्यावरचा, गाडीत डिझेल भरायचा पंप नव्हे. ट्रकच्या इंजिनाला डिझेल मोजून मोजून पाजणारा एक पंप असतो, तो. इंजिन चालू करून नाना नुसते शेजारी उभे राहायचे, मान थोडी वाकडी करून, आणि कुठलं नोझल, म्हणजे डिझेल फवारणारी तोटी, नीट मारत नाही ते आवाजावरून सांगायचे. सांगायचे म्हणजे बोट दाखवायचे. ड्रायव्हर लोक त्यांना मुका मिस्त्री म्हणत आणि लांबलांबून येत.

अशाच एका पंजाबकडच्या ड्रायव्हरने जाताना त्यांना आपला माउथ ऑर्गन देऊन टाकला होता. लांबट, दोन ओळी बारीक चौकोनी घरं असलेला, वरच्या पत्र्यावरची अक्षरं तेव्हाच पुसट झालेली. आमच्या घरी त्याला बाजा म्हणायचे. संध्याकाळी हात रॉकेलने, मग साबणाने धुऊन नाना ओट्यावर बसत आणि बाजा वाजवत. रेडिओवर ऐकलेली गाणी, लग्नातल्या बँडची गाणी, कधी नुसतंच काहीतरी. आई शेजारी मेथी नाहीतर गवार निवडत बसलेली असायची. ती म्हणायची, दिवसभराचं सगळं बोलणं त्या बाजात बोलून टाकतात, आमच्या वाट्याला काय, तर फुंकलेली हवा. म्हणायची तक्रारीच्या सुरात, पण नाना एखादे दिवशी वाजवायला बसले नाहीत तर तीच आत जाऊन बाजा आणून त्यांच्या मांडीवर ठेवायची.

मागच्या संक्रांतीच्या आधी आई गेली. दसऱ्याला चांगली होती, दसरा तिने नेहमीसारखा यथासांग केला. कोजागिरीच्या सुमारास पोट दुखायला लागलं, आणि मग दवाखाने, तपासण्या, आणखी मोठे दवाखाने. तिच्या मागे नाना धुळ्याच्या घरात एकटे राहिले. जळगावला या म्हटलं की मान हलवायचे, पण कोणत्या दिशेने ते कळायचं नाही. पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला, तेव्हा मात्र मी विचारत बसले नाही. गाडीत घातलं आणि घेऊन आले. पारोळ्याला चहासाठी थांबलो तर ते खाली उतरले नाहीत, काचेतून किल्ल्याकडे बघत बसले.

न्यूमोनिया बरा झाला, पण दम आला नाही. छातीच्या डॉक्टरांनी घरी करायला एक व्यायाम दिला. प्लास्टिकचं यंत्र, त्यात तीन रंगीत गोळ्या. नळीतून श्वास आत ओढायचा की गोळ्या वर चढतात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन साफ सांगितलं की या वयात फुफ्फुसं वापरली नाहीत तर ती बसतात, आणि एकदा बसली की पुढच्या थंडीत काय होईल ते सांगता येत नाही. मी स्वतः डॉक्टर आहे. 'सांगता येत नाही' याचा अर्थ मला कळतो. मी घाबरले.

नानांना ते यंत्र अजिबात आवडलं नाही. एक गोळी चढायची, दुसरी जागच्या जागी थरथरायची, तिसरीला तर यांचा पत्ताच नसायचा. मी समोर बसले तर करायचे, उठले की ठेवून द्यायचे. मी रागावले, गोड बोलले, परत रागावले. पालथ्या घड्यावर पाणी. मग एके दिवशी दाढ काढता काढता मला एकदम बाजा आठवला. ज्या माणसाने आयुष्यभर रोज संध्याकाळी श्वास आत ओढून बाहेर सोडला, त्याला गोळ्या कशाला हव्यात? त्या रविवारी मी धुळ्याला गेले, बंद घर उघडलं आणि शोधायला लागले.

बाजा देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात सापडला, पिवळ्या कापडात गुंडाळलेला. त्याच कापडात नानांचं फिलर गेज होतं. पोलादाच्या पातळ पातळ पानांचा जुडगा असतो तो, चाव्यांसारखा एका खिळ्यात अडकवलेला. दोन भागांमधली फट मोजायला मेकॅनिक वापरतात. ते बाजाच्या सोबत का ठेवलं असेल, याचा मी विचार केला नाही. दोन्ही पर्समध्ये टाकलं आणि परतीला लागले.

घरी आल्यावर बाजा नानांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, अंगठ्याने पत्रा पुसला, आणि ओठांना लावला. डावीकडची घरं वाजली. उजवीकडची, बारीक आवाजाची, तीही वाजली. मधे आले की नुसती हवा. फुस्स. तीन घरं होती तिथे, अगदी मधली, ज्यांच्याशिवाय कुठलंच गाणं पुरं होत नाही. नानांनी परत फुंकलं. पुन्हा हवा. त्यांनी बाजा खाली ठेवला.

“मना दम सरी गया, बेटा,” ते म्हणाले. “ऱ्हाऊ दे.”

मला हसू आलं आणि चीडही आली. मी म्हटलं, नाना, पाच नोझलं नीट मारतात आणि एक मारत नाही, तेव्हा तुम्ही ड्रायव्हरला काय सांगत होतात? इंजिन म्हातारं झालं म्हणून? आजूबाजूची घरं वाजतात याचा अर्थ दम आहे. बाजा बिघडलाय. हे तर मलासुद्धा कळतं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. माझ्या बोलण्यात खोट काढता आली नाही म्हणून ते गप्प बसले असं मी समजले आणि मनातल्या मनात जिंकले.

पण त्या दिवसापासून त्यांनी गोळ्याही सोडल्या. एकही गोळी चढेना, कारण यंत्राला तोंडच लागेना. दम सरला म्हटल्यावर व्यायाम कशाला, असा त्यांचा साधा हिशेब. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. रिक्षात नाना माझ्या शेजारी डोळे मिटून बसले होते, आणि मला वाटलं, हा माणूस जायला निघालाय. भांडण नाही, रड नाही. गॅरेजचं शटर ओढावं तसा निघालाय. आई गेली तेव्हा मी जेवढी रडले नव्हते तेवढी त्या रात्री रडले.

बाजा दुरुस्त करायचा, हे मी तेव्हा ठरवलं. मधली घरं वाजली की 'दम सरला' हे म्हणायला जागा उरणार नाही. माझ्या डोक्यात इतकं सरळ गणित होतं. दुरुस्त करून देणारं गावात कुणी सापडलं नाही. वाद्यांच्या दुकानातला माणूस म्हणाला, मॅडम, नवा घ्या, हे कोण खोलतं आता. त्याला मी काहीतरी तिखट बोलले आणि बाजा घेऊन दवाखान्यात आले.

दुपारी माझा दवाखाना बंद असतो. मी बाजा टॉवेलवर ठेवला, खुर्चीवरचा दिवा त्याच्यावर ओढला आणि तोंडात घालायचा तो लहान आरसा घेतला. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. इतक्या बारीक भोकांमध्ये डोकावणं हा माझा रोजचा उद्योग, आणि हा पेशंट हलतही नव्हता. दोन्ही बाजूंचे बारीक स्क्रू काढले, वरचा पत्रा निघाला. आत पितळेची पट्टी, तिच्यावर ओळीने पितळेची पाती. फुंकलं की हीच पाती थरथरतात आणि स्वर निघतो. पट्टीचे खिळे हळूहळू उचकटून तीही उलटी केली.

मधल्या तीन घरांमधली पाती दिसत नव्हती. त्यांच्यावर खपली होती. दातांवरचं किटण काढून काढून माझा हात बसलेला, मी सवयीने टोचा उचललाही. मग थांबले. किटण असं लाल नसतं. कडेला पिवळसर, मधे गर्द लाल, आणि वर तेलाची चमक. मी वास घेतला. हळद, तेल आणि कुंकू.

खंडेनवमीला आमच्या घरी अवजारांची पूजा व्हायची. तशी ती घरोघर होते. नाना गॅरेजमधून पाने, हातोडी, फिलर गेज घरी आणायचे. आईची विळी, कात्री, शिलाई मशीन, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलं जायचं. आधी तेलाचं बोट, मग हळद, मग कुंकू, मग झेंडूचं फूल. मी डॉक्टर झाल्यावर आईने माझी दात काढायची पकडही मागवली होती. मी म्हटलं, आई, ती पेशंटच्या तोंडात जाते, तिला कुंकू लावून चालणार नाही. ती म्हणाली, मग तुझ्या हातात यश कसं येईल? शेवटी एक जुनी, वापरातून काढलेली पकड मी पूजेपुरती धुळ्याला देऊन टाकली. आई तीच दर वर्षी पुजायची आणि मला फोनवर सांगायची, तुझी झाली बरं का.

त्या पाटावर बाजाही असायचा. लहानपणी मी विचारलं होतं, हे कुठे अवजार आहे? आईने सांगितलं, माणसाचा जीव ज्याच्यावर चालतो ते अवजार. आणि कुंकू कपाळालाच लावायचं असतं, पाठीला नाही. बाजाचं कपाळ कुठलं, तर तोंडाची बाजू, बरोबर मध्यभागी. तिथे ती तेलाचं बोट टेकवायची, हळद लावायची, कुंकू लावायची, अगदी दाबून. वर्षानुवर्षं मी ते पाहत आले होते आणि त्याचं पुढे काय होतं हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

मी एकटीच दवाखान्यात मोठ्याने हसले. आई, तू बाजाचं तोंड बंद केलंस गं. खपलीला हात न लावता सगळं तसंच टॉवेलमध्ये घेऊन घरी आले, कारण मला पुरावा दाखवायचा होता. नाना खाटेवर बसले होते. मी उघडा बाजा त्यांच्यापुढे धरला आणि वकिलासारखी बोलत सुटले. बघा, दम नाही, कुंकू. आईने पूजा करून करून घरं बुजवली. आता साफ करते, मग बघू काय सबब सांगता.

नानांनी पाहिलं. त्यांना नवल वाटलं नाही.

“माले माहीत शे,” ते म्हणाले.

मग, मी थांबून राहिले म्हणून असेल, ते बोलले. माझ्या आठवणीत इतकं सलग ते कधी बोलले नसतील. दर दसऱ्याला आई कुंकू लावायची आणि दर कोजागिरीनंतर ते बाजा गॅरेजवर न्यायचे, खोलायचे, फिलर गेजचं सगळ्यात पातळ पान पात्यांखालून सरकवून कुंकू काढायचे आणि परत बसवून घरी आणायचे. ती पूजा करते ते तिचं काम, हे साफ करायचं ते माझं काम, असं ते म्हणाले. आईला त्यांनी हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने लावणं सोडलं असतं, आणि तिच्या मनाला रुखरुख लागली असती. मागच्या कोजागिरीला आई दवाखान्यात होती. बाजा तसाच राहिला. नंतर एकदा त्यांनी तो खोलायला काढला होता आणि कापडात परत गुंडाळून ठेवला.

“ते शेवटलं कुकू शे तिना हातनं,” ते म्हणाले, आणि बाजावर टॉवेल ओढला.

म्हणजे कुठलं नोझल बिघडलंय ते मुक्या मिस्त्रीला पहिल्या फुंकेलाच कळलं होतं. कुंकू काढण्यापेक्षा दम संपला म्हणणं त्यांना सोपं वाटलं. एकीकडे डॉक्टरांचा तो आकडा डोळ्यांपुढे होता. टोचा घेऊन एका मिनिटात ती खपली काढावी आणि म्हणावं, नाना, कुंकू गेलं, तुम्ही राहा. दुसरीकडे, ती आईची बोटं होती. मी आत गेले, पट्टी बसवली, पत्रा बसवला, स्क्रू आवळले. कुंकू जिथे होतं तिथेच ठेवलं. बाजा त्यांच्या उशाशी ठेवून मी एवढंच म्हटलं की तुमची वस्तू आहे, तुम्ही ठरवा. आतून मात्र मी त्यांच्यावर भयंकर चिडले होते, आणि आईवर तर त्याहून जास्त.

भाद्रपद तसाच गेला. मी दवाखान्यात जायची, यायची, गोळ्यांचं यंत्र जिथे ठेवलेलं तिथेच दिसायचं. घरी भरीत केलं तर नाना दोन घास खायचे. मी विचारणं बंद केलं. विचारलं असतं तर भांडले असते, आणि भांडायला त्यांच्याकडे श्वास नव्हता.

नवरात्र बसलं. आठवड्याने एका सकाळी मी दवाखान्यात निघाले, तर नाना दारात उभे. हातात बाजा.

“ते गेज कोठे शे?” त्यांनी विचारलं.

माझ्या पर्समध्येच होतं, तेव्हापासून मी ते काढलंच नव्हतं. मी ते दिलं आणि नुसती बघत राहिले. माझा चेहरा बघून त्यांना बहुतेक वाटलं की हिला समजावून सांगावं लागेल.

“दसरा उना,” ते म्हणाले. “जुनं पुसाशिवाय नवं कसं लावशी?”

हे तर मीही लहानपणापासून पाहत होते. पूजेआधी अवजारं धुवायची, मागच्या वर्षीचं कुंकू पुसायचं, मग पाटावर मांडायची. वाळलेल्या कुंकवावर आईने कधी नवं बोट लावलं नाही. ते अशुभ असतं म्हणायची. तिच्या मागे यंदा पूजा होणार की नाही, हे मी ठरवलंही नव्हतं. नानांनी ठरवलं होतं. पूजा होणार होती, ती मी करणार होते, आणि त्यासाठी बाजा धुतलेला लागणार होता.

सकाळचे पेशंट मी पुढे ढकलले. आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. खोलायचं काम माझं, कारण त्यांचे हात आता थरथरतात. पण पान त्यांनीच सरकवलं. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून, सगळ्यात पातळ पान पात्याखाली घातलं आणि कुंकू सोडवत आणलं. मी आरसा धरून उजेड पाडत होते. खपली तुकड्या-तुकड्याने कापडावर पडत होती. पुसलेलं कुंकू कचऱ्यात जात नाही, तुळशीत जातं, हा आईचाच नियम. ते कापड नानांनी स्वतः बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत झटकलं आणि तिथेच कठड्याला धरून थोडा वेळ उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. पाहिलं असतं तर दोघंही बसलो असतो रडत.

मग त्यांनी बाजा ओठांना लावला. मधली घरं वाजली. तिन्ही वाजली, स्वच्छ. पण गाणं काही जमलं नाही. एक ओळ अर्ध्यात तुटली, ते थांबले, धापले, पुढचा तुकडा घेतला, परत थांबले. जिथे श्वास घ्यायचा नसतो तिथे ते श्वास घेत होते. माझं सरळ गणित चुकलं होतं. बाजा बिघडला होता हे खरं, आणि दम कमी झाला होता हेही तितकंच खरं. मला वाटलं, आता हे परत खाली ठेवतील, आणि आता तर माझ्याकडे सांगायलाही काही नाही.

“बाजा बरा शे,” नाना म्हणाले. “आते मनी पाळी.”

आणि त्यांनी हात लांब करून ते गोळ्यांचं यंत्र पुढ्यात ओढलं.

खंडेनवमीला मी पाट मांडला. माझी जुनी पकड धुळ्याहून आणली होती, आईची विळी आणली होती, पाने होते, मधे बाजा. तेल, हळद, कुंकू. सगळ्यांना लावून झालं आणि बाजापाशी माझा हात अडखळला. आत काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं. दोन महिने ज्या कुंकवापायी माझा जीव टांगणीला लागला, तेच माझ्या हाताने परत कसं घालू? मी शहाणपणाने बोट वरच्या पत्र्याकडे नेलं. तिथे लावलं तर पूजाही होईल आणि पातीही वाचतील.

“तठे नही,” नाना मागून म्हणाले. “तिनी जठे लावं तठे.”

मी लावलं. तोंडाच्या बाजूला, बरोबर मध्यभागी. त्यांनी मान हलवली तेव्हा कळलं की आई जेवढं दाबायची तेवढं मी दाबलेलं नाही. मी परत लावलं, दाबून.

पूजा आटोपल्यावर आवरायला घेतलं. पाने पेटीत भरले, विळी आत ठेवली, आणि फिलर गेज पिवळ्या कापडात बांधायला लागले तसा नानांनी माझा हात धरला.

“वरच ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “कोजागिरी झायी की लागी. दर साल लागस.”